पुढच्या वैमानिकाला काय ठाऊक होते?

विठ्ठलवाडीच्या एका शाळेत महिन्यातून एका शनिवारी दुपारी शिक्षकांचा एक गट जमतो. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, क्वचित बदलापूरहूनही मंडळी येतात. विज्ञान शिकवणारे निम्मे, बाकीचे भाषा आणि इतिहास शिकवणारे. दोन-चार अकरावी-बारावीची मुलेही मागच्या बाकावर असतात. सर्वांनी एकच पुस्तक वाचून यायचे आणि त्यावर मनमोकळे बोलायचे, एवढाच गटाचा नियम. आम्हीही सवड मिळेल तसे जातो. गेल्या खेपेचे पुस्तक होते आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी या फ्रेंच लेखक-वैमानिकाची 'रात्रीचे उड्डाण' ही १९३१ सालची छोटी कादंबरी. इंग्रजी भाषांतरावरूनच बहुतेकांनी ती वाचली होती. 'लिटल प्रिन्स'चा लेखक म्हणून हे नाव आपल्याकडे परिचित आहे. हे पुस्तक मात्र लहान मुलांचे नाही. हवाई टपालाच्या आरंभीच्या दिवसांत एक विमान वादळात कसे हरवते, त्या एका रात्रीची ही गोष्ट आहे.

त्या दुपारी बराच वाद झाला. तो घरी जातानाही आमच्या डोक्यातून जाईना, म्हणून हे टिपण.

कथानक थोडक्यात असे. दक्षिण अमेरिकेतील ब्यूनोस आयरेस हे टपालाचे मुख्य ठाणे. दक्षिणेकडून पॅटॅगोनियाचे, पश्चिमेकडून चिलीचे आणि उत्तरेकडून पॅराग्वेचे अशी तीन टपाल-विमाने रात्री तेथे पोचायची. त्यांची टपाले एकत्र करून मध्यरात्रीच्या सुमारास युरोपचे विमान सोडायचे. या साऱ्या यंत्रणेचा प्रमुख रिव्हिएर हा कठोर, एकाकी, पन्नाशीचा माणूस आहे. चिलीचा वैमानिक अँडीज पर्वतावरच्या वादळातून कसाबसा निसटून येतो. पॅटॅगोनियाचा फाबिएँ मात्र त्याच वादळात सापडतो. खाली जमीन दिसत नाही, ठिकठिकाणच्या तारा तुटलेल्या, पेट्रोल संपत आलेले. उजेडासाठी तो एक प्रकाशबाण सोडतो, तेव्हा आपण वाऱ्याबरोबर वाहत समुद्रावर आलो आहोत हे त्याला कळते. ढगांच्या फटीतून चांदण्या दिसतात म्हणून तो वर चढतो. वर सारे शांत, लख्ख; पण तेथून खाली येण्याची वाट उरलेली नाही. इकडे रिव्हिएर त्याच्या पत्नीला भेटतो, घड्याळाकडे पाहतो, आणि पॅराग्वेचे विमान उतरल्यावर युरोपचे टपाल रवाना करतो. एक विमान गेले म्हणून टपाल थांबत नाही.

हे सारे कपोलकल्पित नव्हे. सेंत-एक्झ्युपेरी १९२९ पासून ब्यूनोस आयरेस येथे टपाल कंपनीत अधिकारी होते. पुस्तक त्यांनी दिदिए दोरा या आपल्या वरिष्ठाला अर्पण केले आहे, आणि रिव्हिएरचा साचा दोरा यांच्यावरूनच घेतला असे मानतात. पुस्तक निघण्याच्या आदल्या वर्षी, १० मे १९३० रोजी, याच कंपनीचा वैमानिक नेग्रँ आणि दक्षिण अमेरिकेतील एक प्रमुख अधिकारी प्राँविल हे दाट धुक्यात रिओ दे ला प्लाताच्या पाण्यात विमान आदळून मरण पावले होते. लेखकाने ही माणसे जवळून पाहिली होती. त्यामुळे पुस्तकातील भीती उसनी वाटत नाही.

रात्री उडायचेच कशाला, हा प्रश्न एका शिक्षिकेने सुरुवातीलाच विचारला. त्याचे उत्तर फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. हिशेबापुरते असे धरू की टपालगाडी ताशी ५० किलोमीटर चालते, पण दिवसरात्र चालते. चोवीस तासांत १२०० किलोमीटर. विमान ताशी १५० किलोमीटर जाते, पण उजेडातच, म्हणजे समजा आठ तास. तेही १२०० किलोमीटरच. मग एवढा खर्च करून विमान ठेवायचे कशाला? रात्री उडता आले नाही, तर हवाई टपाल हा धंदाच उभा राहत नाही. रिव्हिएरची सारी जिद्द या त्रैराशिकावर उभी आहे, आणि ते त्रैराशिक बरोबर आहे. विठ्ठलवाडीच्या स्थानकावर उभे राहिले तरी हे कळते. कल्याणला फुटलेल्या दोन रेल्वेमार्गांपैकी कर्जत-पुण्याकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे पहिलेच स्थानक. येथून रात्रभर गाड्या जातच असतात.

गटात रेल्वे टपालसेवेतून निवृत्त झालेले एक आजोबा आहेत. वय ऐंशीच्या पुढे. ते म्हणाले, "अहो, ही तर आमच्या नागपूरचीच गोष्ट!" मुलांना काही कळेना. त्यांना सांगावे लागले की ३० जानेवारी १९४९ पासून आपल्या देशात अगदी अशीच व्यवस्था सुरू झाली होती. रात्री मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून टपाल आणि उतारू घेऊन विमाने निघायची आणि मध्यरात्रीच्या आगेमागे नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची. तेथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत चारही विमाने आपापल्या घरी परत जायची. नागपूरपासून ही चारही शहरे हवाई मार्गाने सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. डाकोटा विमानाला तेवढे अंतर तोडायला तीन-चार तास लागत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला हातात पडे, आणि साध्या पत्रासाठी वेगळा हवाई आकारही पडत नसे. ब्यूनोस आयरेसच्या जागी नागपूर ठेवले, की कादंबरीचा नकाशा आपलाच होतो.

आता पुस्तकाविषयी. ते पुस्तक म्हणून फार चांगले आहे, हे आधी सांगून टाकतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला शरीर कसे फसवते, हे लेखकाने शास्त्रज्ञाला शोभेल अशा नेमकेपणाने लिहिले आहे. आपल्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्यातला बदल ओळखतात, एकसारखे फिरणे ओळखत नाहीत. वर्गात हे सहज दाखवता येते. फिरत्या खुर्चीवर मुलाला डोळे मिटून बसवा आणि हळूहळू, एकसारख्या वेगाने फिरवा. वीसेक सेकंदांनी तो सांगेल, "थांबली." मग खुर्ची खरोखर थांबवा, तो म्हणेल, "आता उलटी फिरते आहे." क्षितिज दिसत नाही तेव्हा वैमानिकाचे हेच होते. विमान कलून वळत असते आणि त्याला ते सरळ चालले आहे असे वाटते. म्हणून त्याने स्वतःवर नव्हे, काट्यांवर विश्वास ठेवायचा असतो. फाबिएँ जायरोस्कोप आणि उंचीमापकाकडे डोळे लावून बसलेला असतो, ती पाने विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात जरूर वाचून दाखवावीत.

आमचा आक्षेप आहे तो रिव्हिएरच्या तत्त्वज्ञानावर, आणि त्याहून अधिक त्या तत्त्वज्ञानाच्या गेली नव्वद वर्षे चाललेल्या कौतुकावर. आंद्रे जीद या ख्यातनाम लेखकाने पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. माणसाचे सुख मोकळीकीत नसून कर्तव्य पत्करण्यात आहे, हे लेखकाने दाखवले, म्हणून जीद यांनी त्यांची पाठ थोपटली. बहुतेक समीक्षक त्याच वाटेने गेले. विठ्ठलवाडीतही निम्मे शिक्षक म्हणाले, "असा एखादा रिव्हिएर आमच्या शाळेला मुख्याध्यापक म्हणून मिळाला तर!"

रिव्हिएर नेमके काय करतो ते पाहा. विमान उशिरा सुटले की त्या ठाण्याचा वक्तशीरपणाचा भत्ता कापला जातो, मग उशीर धुक्यामुळे झालेला असला तरी. कारण असे की, मग ठाण्यावरचे लोक आभाळ मोकळे होण्याची वाट जिवाच्या आकांताने पाहतील आणि पहिल्या फटीतून विमान सोडतील. रोब्ले नावाचा एक म्हातारा मेकॅनिक आहे. अर्जेंटिनातील पहिल्या विमानांपैकी एक त्याच्या हातांनी जुळवलेले. वायरिंगमध्ये एक चूक झाली म्हणून वीस वर्षांच्या सेवेनंतर रिव्हिएर त्याला कामावरून दूर करतो. दया येते, तरी करतो. निरीक्षक रोबिनो एका वैमानिकाशी मैत्री करू पाहतो, तर अंतर राहावे म्हणून त्याच वैमानिकाला काहीतरी निमित्त काढून शिक्षा करायला लावतो. दोष माणसांचा नसतो, तो माणसांतून वाट काढत येतो, म्हणून ज्याच्यातून आला त्याला छाटायचे, असे काहीसे त्याचे म्हणणे आहे.

या विधानाचा पहिला अर्धा भाग आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. दोष माणसांतून वाट काढत येतो हे खरेच. पण मग शोध त्या वाटेचा घ्यायला हवा. रिव्हिएर तो घेत नाही. वायरिंग कशाने बिघडते, त्या तारा दमट हवेत कुजतात का, तपासणी किती तासांनी होते, हे प्रश्न त्याच्या तोंडी येत नाहीत. तो माणूस बदलतो आणि तार तशीच ठेवतो.

आणि भत्त्याचे गणित? ठाण्याचा प्रमुख हवामान पाहून "आज नको" म्हणाला तर त्याचा खिसा कापला जाणार, आणि "जाऊ द्या" म्हणाला तर धोका दुसऱ्याच्या जिवाला. असा भत्ता कापण्याने आभाळाविषयीची माहिती बिघडते. हवामान सांगणाऱ्यालाच हवामान चांगले सांगण्यात लाभ असेल, तर त्या निरीक्षणाला निरीक्षण तरी का म्हणावे? वर्गात प्रयोगाचे गुण "बरोबर उत्तराला" ठेवले की मुले तापमापकाकडे न पाहता पुस्तकातला आकडा लिहितात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. रिव्हिएरची पंधरा हजार किलोमीटरची टपालसेवा आणि आपले प्रात्यक्षिकाचे वर्ग यांत या बाबतीत फार फरक नाही.

कादंबरीच्या शेवटी युरोपचे विमान निघते तेव्हा वाचकाचा ऊर भरून येतो. आमचाही आला. पण त्या क्षणी एक साधा प्रश्न विचारावा: या पुढच्या वैमानिकाला फाबिएँपेक्षा जास्त काय ठाऊक होते? पुस्तकात त्याचे उत्तर 'काही नाही' असे आहे. पेट्रोल किती शिल्लक असताना परत फिरायचे याचा नवा नियम झालेला नाही. कोणत्या ठाण्याची बातमी उशिरा आली याची नोंद कोणी केलेली नाही. वारा किती वेगाने समुद्राकडे ओढत होता, याचा हिशेब कोणी मांडत नाही. फाबिएँ गेला, आणि त्याच्याबरोबर त्याने त्या रात्री शिकलेले सारे गेले. त्याच्या मरणापेक्षा आम्हाला हे अधिक भयंकर वाटते.

"कादंबरीकडून चौकशी अहवालाची अपेक्षा करता काय?" असा टोला मराठीच्या एका सरांनी तेथेच हाणला. टोला रास्त आहे. शिवाय, लेखक रिव्हिएरइतका निःशंक नाही, हेही कबूल करायला हवे. एका पुलासाठी एका मजुराचा चेहरा चिरडला जावा काय, हा प्रश्न रिव्हिएर स्वतःलाच घालतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्याला मिळत नाही. लेखक डोळे झाकत नाही. डोळे झाकले ते कौतुक करणाऱ्यांनी. मात्र लेखकाने प्रश्न मांडला तो 'काम की जीव' असा, आणि तेथेच तो चुकीच्या रुळावर गेला असे आमचे मत आहे. विमानविद्येचा प्रत्यक्ष इतिहास वेगळ्या वाटेने गेला, आणि ती वाट कादंबरी लिहिली जात होती त्या वर्षांतच पडत होती.

दोन उदाहरणे देतो. १९२० साली अमेरिकेच्या टपाल खात्याने युंकर्सची धातूची विमाने घेतली. १ सप्टेंबरला मॅक्स मिलर हा त्या खात्याने नेमलेला अगदी पहिला वैमानिक आणि त्याचा मेकॅनिक न्यू जर्सीत विमानाला आग लागून मरण पावले. दोनच आठवड्यांनी ओहायोत तशाच विमानात आणखी दोघे गेले. मिलर काही नवखा नव्हता. त्याच्यासारखा कसलेला माणूस ज्यातून वाचत नाही, तेथे माणसात दोष शोधण्यात अर्थ नव्हता. दोष इंधन वाहून नेणाऱ्या नळ्यांत होता. इंजिनाच्या थरथरीने त्या फुटत.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेले. हा प्रसंग आपण वर्गात हौसेने सांगतो, आणि सांगावाच. विमान होते डी हॅव्हिलँड कंपनीचे 'पस मॉथ': एक इंजीन, वर बसवलेले पंख, बंद खोलीसारखी बैठक. त्या वेळी हे विमान फार नावाजलेले होते. मात्र सांगताना एक गोष्ट राहून जाते. ऑक्टोबर १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका पस मॉथचे पंख हवेतच तुटले होते. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ड्रेकन्सबर्ग पर्वतात दुसऱ्याचे. १८ सप्टेंबर १९३२ रोजी, म्हणजे जेआरडींच्या उड्डाणाच्या सत्तावीस दिवस आधी, ऑस्ट्रेलियातील बायरन बे येथे लेस होल्डन हा नामांकित वैमानिक प्रवासी म्हणून बसलेला असताना आणखी एकाचे.

या अपघातांत वैमानिकांना दोष देणे सोपे होते. वादळी हवेत फार वेगाने गेला, झाले. तसे म्हणणारेही होते. पण फार्नबरो आणि टेडिंग्टन येथील प्रयोगशाळांत या विमानाचे तुकडे, प्रतिकृती आणि आकडे घेऊन काही वर्षे काम झाले. पंखाच्या मागील कडेला असलेली हलती फळी आणि स्वतः पंख यांची एका ठरावीक वेगाच्या पुढे मिळून फडफड सुरू होऊ शकते, हे हळूहळू पुढे आले. विमानविद्येत तिला 'फ्लटर' म्हणतात. झेंडा वाऱ्यात फडफडतो त्याच्याच जातीची ही गोष्ट आहे. वेग कमी असतो तोवर हेलकावे आपोआप विरतात. एका मर्यादेनंतर प्रत्येक हेलकाव्यात वाऱ्याकडून मिळणारी ऊर्जा विरणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त होते, आणि हेलकावे वाढतच जातात. उपाय म्हणून पंखाला खालून पेलणाऱ्या तिरक्या दांड्याला एक छोटासा आधारदांडा जोडला गेला आणि हलत्या फळ्यांचा वजनाचा तोल बिजागरीच्या पुढच्या बाजूला वजन देऊन सुधारला गेला. हातभर लांबीचा तो दांडा पाहून कोणाचा ऊर भरून येत नाही. पण त्यानंतर पस मॉथमध्ये बसणाऱ्याला आधीच्यापेक्षा काहीतरी जास्त ठाऊक होते.

या ठिकाणी एक आडवळण घेतो. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत, लढाईतून परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचा कोणता भाग किती नाजूक आहे हे कसे काढावे, याचे गणित मांडले. त्याचे मर्म असे की, परत आलेली विमाने अर्धीच गोष्ट सांगतात. ज्यांना मर्माच्या जागी गोळी लागली ती परत आलीच नाहीत, आणि तीही हिशेबात धरली पाहिजेत. आपल्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा जुहूला उतरलेलेच विमान दिसते. वाल्ड पुढे भारतात व्याख्यानांसाठी आले असताना १३ डिसेंबर १९५० रोजी निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह मरण पावले. असो.

पुन्हा नागपूरकडे येतो, कारण वादाचा खरा पेच तेथे आहे. रात्रीच्या टपालाची कल्पना तत्कालीन दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांची. ती लोकांना आवडली आणि तिचा उपयोगही झाला, यात शंका नाही. तिला विरोध कोणी केला असेल? जे. आर. डी. टाटांनी. रात्री उडण्यासाठी जमिनीवर ज्या सोयी हव्यात त्या आपल्याकडे पुरेशा नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. मंत्र्यांनी तो मानला नाही. काम दुसऱ्या कंपनीला दिले गेले आणि सेवा सुरू झाली. सतरा वर्षांपूर्वी एकट्याने टपाल आणणारा माणूस 'थांबा' म्हणत होता, आणि ज्याने कधी विमान चालवले नव्हते तो 'निघा' म्हणत होता. किडवई हे आपले रिव्हिएर म्हणायचे काय? आम्ही तसे म्हणालो, तेव्हा निवृत्त आजोबा रागावले. "त्या विमानांनी गावोगावच्या लोकांची पत्रे एका रात्रीत पोचवली. तुमचे जेआरडी थांबले असते तर ती सोय आणखी दहा वर्षे झाली नसती," ते म्हणाले. यावर आमच्याकडे चोख उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

१२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासला निघालेले डाकोटा विमान सोनेगावहून वर चढल्यावर लगेच कोसळले आणि पेटले. चौदा माणसांपैकी तेरा मरण पावली; वाचला तो एकटा वैमानिक. मृतांत लोकसभेचे सदस्य आणि कामगार पुढारी हरिहरनाथ शास्त्री होते. आठ खाजगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली त्याला तेव्हा जेमतेम साडेचार महिने झाले होते.

या अपघाताने जेआरडींचे म्हणणे खरे ठरले, असे आमच्यापैकी एकजण म्हणाले. ते आम्हाला मान्य नाही. जवळजवळ पाच वर्षे चाललेल्या सेवेतला एक अपघात, तोही उड्डाणाच्या क्षणी झालेला. त्यावरून वाटेतल्या दिव्यांच्या सोयीविषयी काहीच सिद्ध होत नाही. ज्याला जे हवे ते एका अपघातातून वाचता येते, म्हणून तर चौकशी शिस्तीने करायची. भरलेले विमान धावपट्टी सोडते तेव्हा त्याचा वेग सर्वांत कमी, वजन सर्वांत जास्त आणि खालची उंची जवळजवळ शून्य असते. दोन इंजिनांपैकी एकाने अशा वेळी मान टाकली तर विमान त्या बाजूला ओढले जाते, बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याला अडवतो, आणि पुढे जे काही करायचे ते काही सेकंदांत. सरळ पुढे उतरायचे, की वळून धावपट्टीकडे यायचे? तो निर्णय त्या सेकंदांत सुचण्यासारखा नसतो. तो आधी, दिवसाउजेडी, आकडे मांडून घेतलेला आणि अंगवळणी पाडलेला असावा लागतो. एकट्या वाचलेल्या माणसाभोवती कशी गर्दी जमते आणि त्याला काय काय विचारले जाते, याची कल्पना वाचकांना करता येईल. रिव्हिएरने त्याला काय विचारले असते? आणि टेडिंग्टनच्या माणसांनी काय विचारले असते?

येथे एक गोष्ट सांगायला हवी. ती न सांगता रिव्हिएरवर टीका करणे आम्हाला शोभणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही ज्या प्रयोगशाळेत होतो तेथे रात्रभर चालणारे एक ऊर्ध्वपातन असे. द्रावक उकळायचा, आणि वाफ थंड करायला नळाचे पाणी नळीतून फिरायचे. एका पहाटे आग लागली. पाणी बंद पडले होते, आणि राखणीला बसलेल्या विद्यार्थ्याचा डोळा लागला होता. कोणी भाजले नाही, पण एक टेबल आणि दोन महिन्यांचे काम जळाले. चौकशी झाली. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून त्या मुलाची शिष्यवृत्ती थांबवण्यात आली. त्या कागदावर तिसरी सही आमची आहे. आठ महिन्यांनी त्याच टेबलावर, दुसऱ्या मुलाच्या राखणीत, तोच प्रकार झाला. या वेळी मुलगा जागा होता, म्हणून थोडक्यात निभावले. त्यानंतर एका तंत्रज्ञाने आपणहून चार रात्री जागून नळाखाली बादली धरली आणि ती किती वेळात भरते ते लिहून ठेवले. रात्री अडीचच्या सुमारास इमारतीच्या गच्चीवरची टाकी तळाला जायची आणि धार करंगळीएवढी व्हायची. पंप पहाटे पाचला सुरू होई. दोन्ही आगी त्या अडीच तासांतल्या. पाण्याचा प्रवाह थांबला की शेगडी आपोआप बंद करणारे एक साधे उपकरण बसवले, आणि प्रश्न मिटला. पहिला मुलगा तोवर संशोधन सोडून गेला होता. बादलीचा प्रयोग आम्हाला का सुचला नाही, याचे उत्तर आम्ही अजून शोधतो. झोपलेला मुलगा समोर होता. त्याच्यापुढे पाहण्याची गरज वाटली नाही, एवढेच.

सेंत-एक्झ्युपेरी स्वतः ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून टेहळणीच्या उड्डाणावर निघाले ते परतले नाहीत. त्यांच्या विमानाचे अवशेष मार्सेयजवळच्या समुद्रात सापडले आणि २००४ मध्ये ओळख पटली. विमान कशाने पडले ते मात्र त्या धातूने निर्विवादपणे सांगितलेले नाही.

तर हे पुस्तक मुलांना द्यावे की नाही? जरूर द्यावे. नववीच्या पुढच्या मुलांना आवडेल. फक्त रिव्हिएरचे गुणगान करणारा निबंध लिहायला देऊ नये. त्यापेक्षा त्यांना रिव्हिएरच्या खुर्चीत बसवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोणाकोणाला काय विचारले असते त्याची यादी करायला सांगावी. विठ्ठलवाडीच्या एका मुलीने तेथल्या तेथे केलेल्या यादीतला पहिला प्रश्न होता, "प्रकाशबाण सोडायला त्याला इतका उशीर का झाला? बाण किती होते?" आम्ही पुस्तक दोनदा वाचले होते, हे आमच्या डोक्यात आले नव्हते.

फडफडीचा प्रयोगही तेव्हा करून पाहिला. लांबट पातळ पुठ्ठ्याचे एक टोक टेबलाच्या कडेला घट्ट बांधले, म्हणजे झाला पंख. त्याच्या मागच्या कडेला चिकटपट्टीने दुसरी अरुंद पट्टी बिजागरीसारखी लावली. समोर टेबलपंखा. पट्टीच्या मागच्या टोकाला कागदाची एक टाचणी अडकवली, तर पंखा दोनवर असतानाच पुठ्ठा थडथडू लागला. तीच टाचणी आगकाडीच्या टोकाला बांधून काडी बिजागरीच्या पुढे आणली, तर पंखा तीनवर नेला तरी पुठ्ठा बराच शांत राहिला. प्रयोग दर वेळी जमतोच असे नाही. पुठ्ठा, पंखा, चिकटपट्टी या सर्वांवर तो अवलंबून आहे. दुसऱ्या बाकावरच्या गटाचा पुठ्ठा टाचणी पुढे असतानाही फडफडत राहिला. त्यांनी तसेच वहीत लिहिले, आणि पुढच्या शनिवारी येताना दुसरा, जाड पुठ्ठा आणायचे ठरवले.